टाटा चालत वीस मिनिटांवर होतं

काळाचौकीच्या आमच्या चाळीतून निघालं की परळचं टाटा हॉस्पिटल चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. बिहार-आसामहून आलेली माणसं तिथल्या फुटपाथवर पथारी टाकून राहतात, हे आम्ही लहानपणापासून येता-जाता बघत आलो. आणि बाबांना तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही रात्रभर बसने जाऊन शेजारच्या राज्यातल्या एका खेड्यातून झाडाच्या सालीचं औषध आणलं. मार्च ते जून २०२४, जवळजवळ चार महिने असे गेले. बाबांना विचारूनच हे लिहितेय. "लिही, पण काकाचं नाव घालू नकोस," एवढंच म्हणाले.

सुरुवात जानेवारीत झाली. संक्रांतीला तिळाची वडी खाताना उजव्या गालाला आतून झोंबलं. बाबा छपाईच्या कारखान्यात होते, चाळीस वर्षं तंबाखू-चुना, तोही उजव्याच गालात. दाढेचं टोक लागत असेल म्हणून महिना काढला. कधी हळद-मध लावलं, कधी मेडिकलमधून आणलेलं जेल. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर दाखवायचं असतं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारीला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. बोलके गृहस्थ, पण बाबांच्या गालावरून आतून बोट फिरवलं आणि एकदम गप्प झाले. २३ तारखेला बायोप्सी झाली, १ मार्चला रिपोर्ट आला. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' यातला शेवटचा शब्द तेवढा मला कळला. खासगीत स्कॅन केला, साडेनऊ हजार. मग एका सर्जनना दाखवलं. त्यांनी सांगितलं ते आज बघता अगदी बरोबर होतं: गाठ १.८ सेंटिमीटरची आहे, मानेत काही दिसत नाही, आधी ऑपरेशन, आणि दोन-तीन आठवड्यांत करून टाका. पाच-सहा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "चेहरा?" ते म्हणाले, "थोडा फरक पडेल." त्या 'थोडा'नं बाबा आठ दिवस झोपले नाहीत.

रविवारी थोरले काका गावाहून आले. त्यांचं म्हणणं, सुरी लागली की तो पसरतो, बायोप्सी केली तिथेच चुकलं. त्यांनी दोन उदाहरणंही दिली, ओळखीची माणसं. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे टाटातल्या डॉक्टरांनी समजावलं ते इथे सांगते. बायोप्सीत नखाएवढा तुकडा काढतात, त्यानं कॅन्सर पसरत नाही. पण बायोप्सी करून लोक घाबरून घरी बसतात, चार-सहा महिन्यांनी येतात, तोवर तो आपोआप वाढलेला असतो. बघणाऱ्याला मधला काळ दिसत नाही, सुरी दिसते.

१५ मार्चला, शुक्रवारी रात्री, मी, दादा आणि बाबा बसमध्ये बसलो. अर्धी बस त्याच कामाला निघालेली, प्रत्येकाच्या मांडीवर रिपोर्टची पिशवी. पहाटे तीनपासून रांग. वैद्यांनी रिपोर्टकडे अर्धा मिनिट पाहिलं आणि सालीच्या पुड्या दिल्या. पैसे मागितले नाहीत, दानपेटी होती. तिथे आम्हाला कुणी लुटलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. तिघांचा जायचा-यायचा, राहायचा खर्च सहा हजार दोनशे झाला, तेवढाच. घरी आल्यावर आई रोज सकाळी दोन पेले पाण्यात साल उकळून अर्धा पेला करायची. त्या पातेल्याला आतून काळपट तपकिरी थर धरला, तो चिंच-राख लावूनही निघाला नाही. मीठ, तेल, आंबट, चहा सगळं बंद. बाबा निमूटपणे पीत होते.

एप्रिलमध्ये वहिनीच्या माहेरच्या कुणीतरी पश्चिम उपनगरातल्या एका 'नैसर्गिक कॅन्सर उपचार' केंद्राचा नंबर दिला. ६ एप्रिलला गेलो. तिथले गृहस्थ पन्नास मिनिटं बोलले. बाबांना कारखान्यातलं काम विचारलं, कोणत्या मशीनवर होतात विचारलं, झोप, स्वप्नं, लहानपण, सगळं विचारलं. मग म्हणाले, "कॅन्सर म्हणजे शरीरात साठलेलं विष. ते आपण काढू. तुमच्या चेहऱ्याला सुरी लागू देणार नाही." जिना उतरताना बाबा महिन्याभरात पहिल्यांदा हसले. ते हसू मी विसरू शकत नाही. माझे बाबा भोळे नाहीत, रोज पेपर वाचणारे आहेत. पण त्यांची भीती चेहऱ्याची होती आणि त्या भीतीशी शांतपणे बोलणारा तो पहिला माणूस होता. सर्जननी आजारावर बोलून सोडलं, यांनी माणसाशी बोलून पैसे घेतले. तुमच्या घरातलं कुणी असल्या ठिकाणी निघालं असेल तर आधी त्याला नक्की कशाची भीती वाटतेय ते विचारा. आम्ही विचारलंच नाही.

तीन महिन्यांचं पॅकेज अठ्ठेचाळीस हजार, दोन हप्त्यांत, रोख. त्यात नाव-गाव नसलेल्या काळ्या भुकटीच्या पुड्या, 'व्हिटॅमिन बी-१७' म्हणून जर्दाळूच्या बियांच्या गरापासून केलेल्या कॅप्सूल, गव्हांकुराचा रस आणि सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा. पावती मागितली तर "औषधाची पावती आपण देत नाही."

बी-१७ बद्दल मी फार उशिरा वाचलं. मुळात ते जीवनसत्त्वच नाही. ॲमिग्डालिन नावाचा तो पदार्थ पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. अमेरिकेत १७८ कॅन्सर रुग्णांना देऊन त्याची चाचणी झाली होती. १९८२ साली निष्कर्ष आले, रोग कुणाचा बरा झाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. म्हणजे माझ्या जन्माआधी हा प्रश्न निकालात निघाला होता आणि २०२४ मध्ये आम्ही त्याच कॅप्सूल रोख पैसे देऊन घेत होतो.

मे महिन्यात तोंड उघडेना. आधी तीन बोटं जायची, मग दोन. बाबांचं वजन मार्चमध्ये ६२ होतं, जूनमध्ये ५३. फोन केला की केंद्रातून उत्तर यायचं, "विष बाहेर पडतंय, बरं होण्याआधी असं वाढतं." या वाक्यापासून सावध राहा. दुखणं कमी झालं तर औषधाचा गुण आणि वाढलं तरी औषधाचाच गुण, मग औषध लागू पडत नाहीये हे कळणार कधी? आम्हाला कळेपर्यंत ९ जून उजाडला. बाबांना दाढी करताना जबड्याखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. २० तारखेच्या रात्री उशीवर रक्त होतं. दादानं सकाळी फोन केला, तर डोस वाढवा आणि पुढच्या पॅकेजचे पैसे भरून जा. दादानं काही न बोलता फोन ठेवला.

सोमवार, २४ जून. बाबांना चालवत नव्हतं म्हणून टॅक्सी केली. मीटरचे चाळीस रुपये झाले.

टाटात पहिल्या दिवशी काय लागतं ते सांगते. आधार कार्ड, रेशनकार्ड, आधीचे सगळे रिपोर्ट, स्कॅनची सीडी. आणि बायोप्सीच्या मूळ काचा आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा. बाहेरच्या रिपोर्टवर न थांबता तिथे तो पुन्हा तपासतात. आम्ही ब्लॉक नेलाच नव्हता, दादा लालबागच्या लॅबमध्ये धावत जाऊन अर्ज देऊन घेऊन आला. नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट ते ठरवावं लागतं. आम्ही जनरल घेतलं. मग एक स्मार्ट कार्ड मिळतं, त्यात पैसे भरून ठेवायचे, प्रत्येक तपासणीला त्यातून वजा होतात. दोघांनी जा. एकानं रांगेत राहायचं, एकानं पेशंटपाशी. पेज किंवा ताक थर्मासमध्ये न्या. फाइलमध्ये पहिल्या पानावर तारखांची यादी लिहून ठेवा, प्रत्येक खोलीत तेच विचारतात आणि त्या घाईत काही आठवत नाही.

आमचं रेशनकार्ड केशरी, त्यामुळे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलो. आरोग्यमित्र म्हणून माणूस असतो, तो कागद लावून देतो. आधारवर आणि रेशनकार्डावर बाबांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, त्यात दोन दिवस गेले. तुमच्याकडे वेळ असेल तर हे आजच तपासून घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. पहिल्याच दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाकी काही औषधं चालू आहेत? आयुर्वेदिक, जडीबुटी?" दादा म्हणाला, "नाही." मी गप्प. आईनं पदर नीट केला. आपण काय करून बसलो याची लाज वाटत होती, आणि ओरडतील, हाकलून देतील अशी भीती. काढा तर नंतरही चालूच होता, ताकद यावी म्हणून.

२ जुलैला रक्ताचे रिपोर्ट आले. एसजीपीटी, म्हणजे यकृत कसं आहे ते सांगणारा आकडा, ४१२. चाळीस-पन्नासच्या आत हवं ते. कावीळही दिसायला लागली होती. भूलतज्ज्ञ म्हणाले, या यकृतावर एवढं मोठं ऑपरेशन करता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी दारूचं विचारलं. बाबांनी आयुष्यात घेतलेली नाही. हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या, त्याही निगेटिव्ह. मग त्या नुसत्याच आमच्याकडे बघत थांबल्या. तेव्हा आईनं पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली आणि टेबलावर एकेक वस्तू काढून ठेवली. काढ्याची बाटली, तिच्या बुचाला प्लॅस्टिकचा कागद आणि रबर. तीन पुड्या. अर्धी राहिलेली कॅप्सूलची डबी. सालीचा शेवटचा तुकडा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

त्या ओरडल्या नाहीत. कोरा कागद घेतला आणि काय, किती, कधीपासून, हे एकेक विचारून लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर बरं झालं असतं." बस, एवढंच.

नक्की कशानं यकृत बिघडलं ते सांगता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुड्यांवर काही लिहिलेलंच नव्हतं, आणि अशा काही भस्मांत शिसं, पारा सापडल्याचे अभ्यास आहेत. गुळवेलीचंही त्यांनी सांगितलं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतच यकृतविकाराच्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती, सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. मला त्या वादात पडायचं नाही. आमच्यापुरतं सांगते. सगळं बंद केलं आणि रक्त दर आठवड्याला तपासलं. एसजीपीटी ४१२ वरून २६०, १२८, मग ६१. यात चार आठवडे गेले आणि मानेतली गाठ तेवढ्या काळात वाढतच होती.

जॉइंट क्लिनिकमध्ये सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले एकत्र बसून ठरवतात. तिथे कळलं, स्टेज चार-ए. जबड्याच्या हाडात शिरलाय, मानेच्या गाठींतही आहे. मी विचारलं, मार्चमध्ये केलं असतं तर? सर्जन थोडे थांबले, मग खरं तेच सांगितलं. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर टाटातच मोठी चाचणी झाली होती, २०१५ साली प्रसिद्ध झाली. मानेत काही दिसत नसतानाच पहिल्या ऑपरेशनमध्ये मानेच्या गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी शंभरातले ऐंशी जण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलं तर साडेसदुसष्ट. मार्चमध्ये बाबा त्या चाचणीतल्या रुग्णांसारखेच होते. गाठ लहान, मान स्वच्छ. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले. दादा माझ्या शेजारी बसला, तोही.

आईनं मात्र त्याच डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न विचारला, "मग झाडपाल्यात काहीच गुण नसतो का हो?" आमच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात सदाफुली लावलेली आहे. त्या म्हणाल्या, "मावशी, त्याच सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही केमोची औषधं निघाली. पॅक्लिटॅक्सेल एका झाडाच्या सालीतूनच मिळालं. गुण कशात आहे, किती मात्रेत आहे, कोणत्या कॅन्सरवर आहे आणि त्रास काय होतो, हे माणसांवर तपासून मगच इथे येतं. तुमच्या पुडीचं कुणी काही तपासलेलं नाही." आईला ते पटलं. पण म्हणून सदाफुलीची पानं चावू नका, ती विषारी असतात, हेही त्यांनी लगेच सांगितलं.

६ ऑगस्टला ऑपरेशन झालं. सकाळी साडेसातला आत नेलं, दुपारी सव्वातीनला बाहेर आणलं. उजवा गाल, खालच्या जबड्याचा भाग, मानेच्या गाठी काढल्या आणि छातीवरचा स्नायू फिरवून तिथे बसवला. गळ्याला श्वासाची नळी, नाकातून जेवणाची नळी. बाबांनी पाचव्या दिवशी पाटीवर लिहून आरसा मागितला. आम्ही देऊ की नको करत होतो, तर सिस्टर म्हणाल्या, द्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, "वाटलं होतं त्यापेक्षा बरं."

नळीतून जेवण देणं घरी शिकून घ्यावं लागतं. सगळं मिक्सरमधून काढून गाळणीनं दोनदा गाळायचं, नाहीतर नळी तुंबते. मुगाचं कढण, दूध, अंड्याचा पांढरा भाग, नाचणीची पेज. पेशंटला बसवून, सावकाश. वहिनीनं दोन महिने दर दोन तासांनी हे केलं.

गणपतीच्या दिवसांत रेडिएशनचा मुखवटा तयार करायला जायचं होतं. लालबाग-परळची गर्दी तुम्हाला माहीत आहे, आम्ही पहाटे साडेपाचला निघायचो. अनंत चतुर्दशी झाली आणि त्याच आठवड्यात रेडिएशन सुरू झालं. एकूण तीस वेळा, आठवड्यातून पाच दिवस, सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटलं, थुंकी गिळवेना. या दिवसांत बाबा एकदा म्हणाले, "त्या साल्यांनी निदान दुखवलं तरी नव्हतं." मी काही बोलले नाही. खरंच आहे ते, उपचार दुखतात. दिवाळीच्या आठवड्यात शेवटचं रेडिएशन झालं.

योजनेतून मोठा खर्च भागला, तरी तपासण्या, औषधं, येणं-जाणं, प्रोटीन पावडर मिळून आमचे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास गेले. साल, केंद्र आणि प्रवासाचे जवळपास पंचावन्न हजार आधीच गेले होते.

नोव्हेंबरमध्ये काकांनी पुन्हा एक व्हिडिओ पाठवला. एका माजी क्रिकेटपटूनं पत्नीचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि साखर बंद करून गेल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या पत्नीनं ऑपरेशन आणि केमोही घेतली होती, पण पुढे फिरत होती ती फक्त हळद. टाटाच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांनी तेव्हा पत्रक काढून सांगितलं की या उपायांना पुरावा नाही, त्यासाठी उपचार लांबवू नका. ते पत्रक मी काकांना पाठवलं आणि मग फोनही केला. बाबांचे मार्च आणि जूनचे रिपोर्ट वाचून दाखवले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी भावाच्या काळजीपोटीच केलं होतं सगळं. हल्ली ते व्हिडिओ पाठवत नाहीत.

केंद्राविरुद्ध तक्रार करायची दादाची फार इच्छा होती. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण आमच्याकडे ना पावती, ना लेबल, ना बँकेतली नोंद. पुड्याही रागाच्या भरात फेकून दिल्या होत्या. तुम्ही फेकू नका. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा, पैसे रोख देऊ नका.

आता वर्ष झालं. बाबांचं बोलणं आम्हाला कळतं, परक्याला दोनदा विचारावं लागतं. गुरगुट्या भात, वरण, मऊ केलेली भाजी खातात. तोंड उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा व्यायाम दिलाय. काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. डिसेंबरमध्ये आठ काड्या जात होत्या, आज चौदा. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोजचा आकडा लिहून ठेवलाय. तंबाखू सुटली. गुडघेदुखीसाठी परवा कुणीतरी तेल दिलं, तर ते लावायच्या आधी बाटली फाइलच्या पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला.

पुढची तपासणी बुधवारी आहे. दर दोन महिन्यांनी बोलावतात, आणि आदल्या रात्री घरात कुणी झोपत नाही. मी टॅक्सीचं विचारलं तर नको म्हणाले. सकाळी साडेसहाला निघू आणि चालतच जाऊ.